मोजणारे यंत्र कोणाचे?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आजच्या अभ्यासवर्गासाठी संयोजकांनी ‘गोठा, कोंबड्यांची शेड आणि मत्स्यतळे यांतील स्वयंचलित यंत्रणा’ असा विषय सुचविला, तेव्हा हा विषय कृषी महाविद्यालयातल्या वर्गाचा आहे, आपल्या पक्षाच्या व्यासपीठावर त्याचे काय काम, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. प्रथमदर्शनी मलाही तसेच वाटले होते. परंतु चाळीस वर्षे अर्थशास्त्र शिकविताना जी गोष्ट मी विद्यार्थ्यांना फळ्यावर नीट समजावून देऊ शकलो नाही, ती एका दूध संकलन केंद्रावर पाच मिनिटांत मला समजली. तेथूनच सुरुवात करतो.

माझ्या धाकट्या भावाकडे दोन संकरित गायी आहेत. गोठ्याचा सगळा कारभार भावजय पाहते. निवृत्तीनंतर एकदा गावी गेलो असता सकाळी तिच्याबरोबर दूध घालायला गेलो. केंद्रावरच्या मुलाने कॅनमधून नमुना घेऊन यंत्राच्या नळीखाली धरला, पडद्यावर आकडा उमटला आणि पावती बाहेर आली. फॅट ३.१. आदल्या दिवशी ३.६ लागली होती. भावजय म्हणाली, “अरे, गाय तीच, चारा तोच, पेंडही तीच. मग रात्रीत फॅट गेली कुठे?” मुलगा म्हणाला, “काकू, मला काय विचारता? यंत्राला विचारा.” ती तशीच थांबून राहिली. पाच-सहा जणांचे दूध झाल्यावर तिने त्याच दुधाचा नमुना पुन्हा तपासायला लावला. या वेळी आकडा आला ३.४. पावती मात्र ३.१ चीच कायम राहिली, कारण एकदा निघालेली नोंद बदलण्याचा अधिकार केंद्रावर कोणालाच नव्हता.

आता यात लबाडीच होती असे मी म्हणत नाही. संकलन केंद्रांवर पुष्कळ ठिकाणी वापरले जाणारे यंत्र दुधातून ध्वनिलहरी सोडून त्यावरून स्निग्धांशाचा अंदाज बांधते. दूध नुकतेच काढलेले व फेसाळ असेल, नीट ढवळलेले नसेल, यंत्राची नळी धुतलेली नसेल, तर आकडा चुकू शकतो. पण चुकलेल्या आकड्याचे ओझे कोणाच्या डोक्यावर पडले? उदाहरणापुरता हिशेब करू. समजा, फॅटच्या प्रत्येक पॉइंटमागे ५० पैसे कपात आहे आणि यंत्र दोन पॉइंट कमी दाखवीत आहे. म्हणजे लिटरमागे १ रुपया गेला. दिवसाला २० लिटर दूध घालणाऱ्या घराचे महिन्याला ६०० रुपये गेले. गावात अशी दीडशे घरे असतील, तर महिन्याला ९० हजार रुपये एका लहानशा चुकीतून गावाबाहेर गेले. त्यासाठी कोणी दरोडा घातला नाही, कोणी कोणाशी भांडले नाही. यंत्राची नळी तेवढी अस्वच्छ राहिली.

मित्रहो, उत्पादनसाधनांची मालकी कोणाची, हा प्रश्न आपण पिढ्यान् पिढ्या विचारीत आलो. भावजयीची गाय तिच्या मालकीची आहे, गोठा तिचा आहे, श्रम तिचे आहेत. तरीही तिच्या श्रमाचे मोल ठरविणारा आकडा तिच्या मालकीचा नाही. उत्पादनसाधनांच्या मालकीबरोबर मोजमापाच्या मालकीचाही प्रश्न आता आपल्याला विचारावा लागेल. आजच्या माझ्या विवेचनाचे सूत्र एवढेच आहे.

मोजमाप हे मुळात गरिबाच्या बाजूचे हत्यार होते, हे येथे विसरता कामा नये. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत अमेरिकेत दुधाचे पैसे वजनावर मिळत. त्यामुळे पाणी घालणारा आणि साय काढून घेणारा फायद्यात राही व प्रामाणिक शेतकरी मार खाई. १८९० साली विस्कॉन्सिन विद्यापीठातील स्टीफन बॅबकॉक या रसायनशास्त्रज्ञाने दुधातील स्निग्धांश मोजण्याची सोपी पद्धत प्रसिद्ध केली. आम्ल, काचेची नळी आणि हाताने फिरवायचे चक्र एवढ्यावर कोणालाही ती करता येई. बॅबकॉकने तिचे एकस्व घेतले नाही, ती सर्वांसाठी खुली ठेवली. आपल्याकडे १९४६ साली खेडा जिल्ह्यात सहकारी दूध संघ उभा राहिला, तेव्हा गावोगावच्या संस्थांनी हेच तत्त्व अंगीकारले. सर्व जातींची माणसे एका रांगेत उभी राहिली आणि प्रत्येकाचे दूध सर्वांच्या देखत मोजले व तपासले गेले. अमूलच्या यशाचे श्रेय आपण व्यवस्थापनाला देतो, ते योग्यच आहे. पण त्या यशाच्या तळाशी उघड्यावर केलेले मोजमाप होते. आकडा काढणारा माणूस गावातलाच होता, त्याला जाब विचारता येत होता, आणि संस्था स्वतः उत्पादकांची होती.

आजच्या यंत्राने या व्यवस्थेतील एक गोष्ट सुधारली आणि एक हिरावून घेतली. तपासणी अधिक जलद झाली, हाताळणाऱ्याच्या मर्जीला वाव कमी राहिला, पावती मिळू लागली. हे लाभ खरे आहेत. परंतु आकडा कसा निघाला हे रांगेतल्या माणसाला दिसेनासे झाले. यंत्र खोटे बोलत नाही, ही श्रद्धाही आता बाळगता येत नाही. २०१५ साली फोक्सवॅगन या जर्मन कंपनीच्या डिझेल मोटारींतील संगणकीय आज्ञावली आपली तपासणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता विषारी वायू कमी सोडीत होती, हे उघडकीस आले. प्रगत देशांच्या सरकारी यंत्रणेला जे वर्षानुवर्षे उमगले नाही, ते आपल्या दूध उत्पादकाने नुसत्या डोळ्यांनी ओळखावे, ही अपेक्षा व्यर्थ आहे.

आता गोठ्यात येऊ. गाय साधारणतः दर २१ दिवसांनी माजावर येते आणि माज जेमतेम अर्धा-पाऊण दिवस टिकतो. तेवढ्या वेळात रेतन झाले नाही तर पुढचे २१ दिवस वाया जातात. चारा-पाणी चालूच राहते, वेत लांबते आणि गाय भाकड राहण्याचा काळ वाढतो. मोठ्या गोठ्यांत यावर उपाय म्हणून गायीच्या गळ्यात पट्टा बांधतात. तिचे चालणे व रवंथ यांची नोंद तो पट्टा घेतो आणि माज अथवा आजार यांची सूचना मालकाच्या मोबाइलवर येते. यंत्र उत्तम आहे. पण त्याचे अर्थशास्त्र पाहा. केवळ समजण्यासाठी असे धरू, की संदेश घेणाऱ्या मुख्य यंत्रणेचा खर्च १ लाख रुपये आणि प्रत्येक पट्ट्याचा ५ हजार. शंभर गायींच्या मालकाला गायीमागे ६ हजार रुपये खर्च येईल. दोन गायींच्या मालकिणीला तोच खर्च गायीमागे ५५ हजार येईल. ज्याला अर्थशास्त्रात आपण अविभाज्य भांडवल म्हणतो, ते हेच. अशा वेळी सारे बाजारावर सोपविले, तर तंत्रज्ञानाचा लाभ मोठ्याकडे जातो, त्याचा उत्पादनखर्च घटतो, त्या घटलेल्या खर्चाच्या आधाराने दुधाचा भाव खाली येतो आणि दोन गायींची मालकीण धंद्याबाहेर पडते. यंत्र तिच्या गोठ्यात कधी आलेच नाही, तरी त्याने तिचा धंदा बुडविला.

२०१९ च्या पशुगणनेप्रमाणे या देशात १९ कोटींहून अधिक गोवंश आणि सुमारे ११ कोटी म्हशी आहेत. त्यांतील फार मोठा भाग अल्पभूधारक आणि भूमिहीन कुटुंबांच्या दावणीला आहे. जिरायती महाराष्ट्रात पीक बुडाले तरी दर दहा दिवसांनी हाती पडणाऱ्या दुधाच्या पगारावर घरे तगली आहेत. म्हणून हा प्रश्न गोठ्यापुरता राहत नाही.

दुसरे उदाहरण कोंबड्यांचे. मांसल कोंबडी सुमारे सहा आठवड्यांत बाजारात जाते. पहिल्या आठवड्यात पिल्लांना ३२-३३ अंशांच्या आसपास ऊब लागते, पुढे ती टप्प्याटप्प्याने कमी करावी लागते, आणि उन्हाळ्यात मोठे पक्षी उष्म्याने दगावतात. त्यामुळे तापमान, आर्द्रता व अमोनिया मोजून पंखे आणि पाणी आपोआप चालू-बंद करणाऱ्या बंदिस्त शेड आता उभ्या राहत आहेत. बहुतेक संगोपन करार पद्धतीने चालते. पिल्ले, खाद्य व औषध कंपनीचे. शेड, वीज, तूस आणि श्रम शेतकऱ्याचे. मोबदला किलोमागे ठरतो आणि किती खाद्यात किती वजन भरले, यावर तो कमी-अधिक होतो.

या व्यवस्थेत नियंत्रक यंत्र आले की काय होते ते ध्यानात घ्या. शेड बांधण्याचे कर्ज शेतकऱ्याच्या नावावर असते. शेडमधला प्रत्येक अंश दूरवरच्या कार्यालयात दिसू शकतो. बॅच खराब गेली, तर अमुक रात्री तापमान इतके होते, म्हणजे चूक तुमची, असे नोंद दाखवून सांगता येते. पण पिल्ले मुळात अशक्त होती काय, खाद्य कमअस्सल होते काय, हे मोजणारे यंत्र शेतकऱ्याच्या हाती कोणी दिलेले नाही. एका पक्षाच्या सर्व हालचाली मोजल्या जातात आणि दुसऱ्या पक्षाच्या मोजल्या जात नाहीत, अशा करारात मोजमाप हे न्यायाचे साधन राहत नाही, ते मुकादमाचे साधन होते. शिवाय वीज गेली आणि जनित्र सुरू झाले नाही, तर बंदिस्त शेडमधले हजारो पक्षी थोड्याच वेळात गुदमरतात. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला, २०२० साली कोंबडीमुळे कोरोना होतो या अफवेने भाव कोसळले, तेव्हा संकट शेतकऱ्याच्या दारी होते. शेड रिकामी राहिली तरी कर्जाचा हप्ता रिकामा राहत नाही.

तिसरे उदाहरण मत्स्यतळ्याचे. ते मला सर्वांत बोलके वाटते. पाण्यातील हिरवे शेवाळ दिवसा प्राणवायू सोडते आणि रात्री घेते. म्हणून पहाटे, सूर्य उगवण्यापूर्वी, तळ्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो. त्यात पाणी तापले की त्याची प्राणवायू धरून ठेवण्याची शक्तीच घटते. २० अंशांना लिटरभर गोड्या पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच. कटला, रोहू, मृगळ या माशांना ५ मिलिग्रॅम असला तर बरे. तो ३ च्या खाली गेला की ते वर येऊन तोंड उघडू लागतात, आणि वेळीच हवा मिळाली नाही तर सकाळी तळ्यावर पांढरा थर दिसतो. वर्षाची कमाई एका पहाटेत जाते. जुना मत्स्यपालक म्हणूनच पहाटे तळ्यावर फेरी मारीत असे. आता पाण्यात संवेदक बसवून प्राणवायू घटताच एरेटर आपोआप चालू करता येतो. कोणाची झोपही मोडत नाही आणि मासेही जगतात. असे यंत्र नको म्हणणारा मनुष्य एक तर कधी तळ्यावर राहिलेला नसावा, किंवा दुसऱ्याच्या झोपेची त्याला किंमत नसावी.

पण येथेही दुसरी बाजू आहे. काही आठवड्यांतच संवेदकावर शेवाळाचा बुळबुळीत थर चढतो आणि तो चुकीचे सांगू लागतो. तो नियमित पुसावा लागतो, त्याचा आकडा पडताळून घ्यावा लागतो. बिघडला तर दुरुस्त करणारा तालुक्याला मिळत नाही, सुटा भाग परगावाहून येईपर्यंत आठवडे जातात. यंत्र आहे म्हणून पहाटेची फेरी थांबलेली असते, आणि नेमके त्याच रात्री यंत्र मुके होते. केंद्र सरकारने २०२० साली प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना सुरू केली. २०,०५० कोटी रुपयांच्या या योजनेतून ‘बायोफ्लॉक’सारख्या पद्धतींनाही अनुदान ठेवले. लहान टाक्यांत दाटीने मासे वाढविणारी ही पद्धत अखंड हवेवर आणि पाण्याच्या रोजच्या तपासणीवर अवलंबून असते. वीज काही तास गेली तर सारी टाकी संपते. ज्या गावात वीज केव्हा जाईल याची शाश्वती नाही, तेथे टाकीला अनुदान देऊन वीज, प्रशिक्षण आणि दुरुस्ती यांची हमी न देणे, म्हणजे गरिबाला कर्ज काढून जुगार खेळायला बसविण्यासारखे आहे.

येथे आपल्यातील काही ज्येष्ठ सहकारी म्हणतील, की मग यंत्रालाच विरोध का करू नये? मला हे मान्य नाही. यंत्राच्या हव्यासाला विरोध करणाऱ्या गांधीजींनीही शिवणयंत्राचा अपवाद केला होता, कारण ते घरातल्या कष्टकरी स्त्रीचे श्रम हलके करते. डॉ. लोहियांनी १९५२ साली पंचमढीच्या अधिवेशनात लहान यंत्राचा विचार मांडला. खेड्यात, थोड्या भांडवलात, अनेकांच्या हाती राहील असे यंत्र त्यांना हवे होते. त्या काळी तो अनेकांना भाबडा वाटला, कारण तेव्हाचे सामर्थ्य मोठ्या यंत्रातच होते. आज तापमान किंवा प्राणवायू मोजून पंखा चालविणारे नियंत्रक मुठीत मावते, आणि तालुक्याच्या तंत्रनिकेतनातील विद्यार्थ्याला त्याची जुळणी करता येते. लोहियांना हवे होते तसे लहान यंत्र आकाराने आज अवतरले आहे. स्वामित्वाने मात्र ते लहान राहिलेले नाही, कारण त्याची नोंद, त्याची आज्ञावली आणि त्याची दुरुस्ती ही तिन्ही दूरच्या एका मालकाच्या हाती राहतात.

शासनाच्या नोंदीसंबंधीही थोडे बोलले पाहिजे. जनावराच्या कानात बारा आकडी क्रमांकाचा बिल्ला मारून त्याची नोंद संगणकावर ठेवण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. २०२२ साली लंपीची साथ आली, तेव्हा लसीकरणाला अशा नोंदीचे महत्त्व किती, हे आपण पाहिले. पण २०२४ साली राज्य शासनाने गायीच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान दिले, तेव्हा तेही बिल्ल्याच्या आणि संगणकीय नोंदीच्या अटीला बांधले गेले. ज्याची नोंद अपुरी, तो अडकला. त्याच वर्षी अकोले तालुक्यातील कोतूळ येथे दूध उत्पादक भावासाठी आंदोलनाला बसले, तेव्हा त्यांची मागणी साधी होती: आमच्या घामाला उत्पादनखर्चावर आधारित दाम द्या. नोंद ही हक्क मिळण्याची वाट असावी. ती हक्क अडविण्याचे फाटक होता कामा नये.

मग आपण करावे काय? माझ्या मते आपल्या कार्यक्रमात चार मागण्या स्पष्टपणे याव्यात.

पहिली, पडताळणीची. किराणा दुकानातील तराजूवर शासकीय शिक्का लागतो. तोच न्याय दूध तपासणाऱ्या प्रत्येक यंत्राला आणि त्यातील आज्ञावलीला काटेकोरपणे लागू झाला पाहिजे. ठराविक काळाने, उत्पादकांच्या प्रतिनिधींसमक्ष तपासणी व्हावी. निकालाबद्दल शंका आली तर त्याच नमुन्याची दुसऱ्या पद्धतीने फेरतपासणी मागण्याचा आणि पावती दुरुस्त करून घेण्याचा हक्क उत्पादकाला असावा.

दुसरी, नोंदीच्या स्वामित्वाची. गोठ्यातून, शेडमधून, तळ्यातून निघणारी नोंद प्रथम पशुपालकाची. ती त्याला त्याच्या भाषेत, विनामूल्य मिळावी आणि त्याच्या संमतीवाचून ती सावकार, विमा कंपनी वा खरेदीदार यांच्या हाती जाऊ नये. ही मागणी स्वप्नाळू नाही. जोडलेल्या यंत्रांतून निघणारी माहिती वापरणाऱ्याला मिळालीच पाहिजे, असा कायदा युरोपीय संघाने केला असून १२ सप्टेंबर २०२५ पासून तो लागू झाला आहे.

तिसरी, सामाईक मालकीची. दोन गायींच्या घराने एकट्याने घ्यायचे नसलेले यंत्र गावाच्या संस्थेने घ्यावे. संदेश घेणारी यंत्रणा संस्थेची, पट्टे सभासदांचे. प्राणवायू मोजण्याचे एक चांगले उपकरण मच्छीमार संस्थेचे, त्यावर पडताळून पाहण्याचे संवेदक प्रत्येकाचे. त्याच्या देखभालीसाठी गावातील एका मुलीला वा मुलाला शिकवून मानधनावर नेमावे. अनुदान व्यक्तीऐवजी प्राधान्याने अशा संस्थांना मिळावे.

चौथी, जोखमीच्या वाटणीची. ज्या कराराने शेतकऱ्यावर यंत्र लादले, त्याच कराराने त्याच्या बिघाडाची, वीजखंडाची आणि साथीच्या रोगाची जोखीम दोन्ही पक्षांत वाटून घेतली पाहिजे. शेतकऱ्याच्या शेडचा अंश मोजणाऱ्याने आपल्या पिल्लांचा आणि खाद्याचा दर्जाही मोजून दाखविला पाहिजे.

या मागण्या शासनाकडे पाठवून आपले काम संपत नाही. आपल्यापैकी किती जण गेल्या वर्षभरात एखाद्या संकलन केंद्रावर सकाळी सहाला जाऊन उभे राहिले आहेत? आठवड्यातून एकदा जा. त्याच दुधाचे दोन नमुने तपासायला लावा, दोन्ही पावत्या जपून ठेवा, वहीत उतरवा. दहा गावांच्या अशा वह्या एकत्र आल्या, तर कोणत्याही परिसंवादापेक्षा त्यांचे वजन अधिक भरेल. आणि हे काम करताना गोठ्यातल्या स्त्रीला पुढे ठेवा. धार ती काढते, शेण ती उचलते, गायीचा माज ती प्रथम ओळखते. मात्र संस्थेचे सभासदत्व आणि बँकेचे खाते पुष्कळदा पुरुषाच्या नावावर असते. यंत्राची नोंदही उद्या त्याच्याच मोबाइलवर जाणार असेल, तर तिच्या वाट्याला पुन्हा शेणच उरेल.

माझ्या भावजयीने त्या दिवशी ३.१ ची पावती घेतली, घरी आणली आणि देवळीत खोचून ठेवली. पुढच्या महिनाभर ती प्रत्येक पावती तेथे ठेवीत गेली. महिनाअखेरीस तिने गल्लीतल्या चार बायांच्या पावत्या तिच्या पावत्यांशेजारी मांडल्या. ज्या सकाळी एकीची फॅट घसरली होती, त्याच सकाळी पाचही जणींची घसरली होती. पाच गोठ्यांतल्या गायी एकाच दिवशी नासत नाहीत, एवढे समजायला त्यांना पदवी लागली नाही. त्या पाचजणी मिळून केंद्रावर गेल्या. यंत्र धुतले गेले आणि दुसऱ्या दिवशी आकडा पूर्ववत झाला. मागचे पैसे मिळाले नाहीत. ते मिळविण्यासाठी पाचजणी पुरत नाहीत, त्यासाठी संघटना लागते. ती उभी करणे हे आपले काम आहे.